पहिलं जहाज कोणतं अडवायचं?

क्युबा प्रकरण म्हटलं की सगळ्यांना क्षेपणास्त्रं आठवतात. मला आठवते एक विनाशिका, 'जोसेफ पी. केनेडी ज्युनिअर'. नाव अध्यक्ष केनेडींच्या थोरल्या भावाचं, १९४४ साली युद्धात गेलेल्या. धाकटा रॉबर्ट १९४६ मध्ये याच जहाजावर साधा खलाशी होता!

२४ ऑक्टोबर १९६२ पासून अमेरिकेने क्युबाची नाकेबंदी केली. म्हणायचं मात्र 'क्वारंटाइन', कारण नाकेबंदी म्हणजे कायद्याने युद्धच. आता पहिलं जहाज कोणतं अडवायचं? सोव्हिएत जहाजावर चढले आणि कुणी गोळी झाडली, तर संपलंच की सगळं. म्हणून २६ तारखेला या विनाशिकेने 'पिअर्स' या जोडीदार विनाशिकेसह अडवलं ते 'मारुक्ला'. भाड्याने घेतलेलं रशियाने, पण झेंडा लेबनॉनचा. झडतीत शस्त्रं सापडली नाहीत, जहाज पुढे सोडलं.

मॉस्कोला निरोप पोचला, आणि अपमान मात्र झाला नाही. दोन दिवसांनी ख्रुश्चेव्हनी क्षेपणास्त्रं काढायचं जाहीर केलं. त्यामागे तुर्कस्तानातली अमेरिकन क्षेपणास्त्रं हटवायचा गुप्त सौदाही होता, हे खरं. पण सौदा व्हायला वेळ लागतो. तो वेळ अशा सांभाळून केलेल्या कामांनीच मिळाला, असं मला वाटतं.