केबल जाते ती जॉइंटमध्ये

पुण्यात वीज गेली की कारणं दोनच सांगितली जातात: जेसीबीनं केबल तोडली, नाहीतर पावसाचं पाणी शिरलं. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. केबल एक तर धडधाकट असते किंवा तुटलेली, मधली अवस्थाच नाही. म्हणून दुरुस्ती झाली की मेगर लावायचा, आकडा हजारो मेगाओमचा आला की ‘केबल ओके’ म्हणायचं आणि फिडर चालू करायचा. ही समजूत चुकीची आहे आणि ती आपल्याला महागात पडते आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहेच. चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या वाहिन्या, मेट्रो, ड्रेनेज, काँक्रीटचे रस्ते यांसाठी पुणं सतत उकरलं जातं आणि त्यात केबल तुटतात. पण तो दोष लगेच दिसतो, जागा सापडते आणि काही तासांत वीज परत येते. न दिसणारं नुकसान त्यानंतर सुरू होतं. तुटलेला भाग काढून नवा तुकडा टाकला की एका घावापोटी दोन जॉइंट जमिनीत जातात. ते बहुधा रात्री, चिखलात आणि ‘लाइट कधी येणार’ या फोनांच्या माऱ्यात केलेले असतात.

जॉइंटर नेमकं काय करतो ते पाहू. शहरात मध्यम दाबाचं बरंचसं वितरण २२ केव्हीवर चालतं. अशा केबलीत तारेभोवती साधारण ६ मिलिमीटर जाडीचं एक्सएलपीई, म्हणजे जाळीबद्ध पॉलिथिन असतं आणि त्यावर सेमीकॉनचा, म्हणजे अर्धवाहक पदार्थाचा, पातळ काळा थर. जॉइंट करताना हा थर ठरावीक लांबीपर्यंत सोलावा लागतो. सुरी जरा खोल गेली की खालच्या पांढऱ्या पॉलिथिनवर गोल चर उमटतो. तो घासून गुळगुळीत केला नाही, किंवा हीट श्रिंकची नळी घाईनं तापवल्यामुळे तिथं नीट बसली नाही, तर चरात हवा अडकते. आणि सेमीकॉन जिथं संपतो तिथंच विद्युत ताण सर्वांत जास्त असतो.

आता हिशेब करू. २२ केव्हीच्या केबलीत तार आणि जमीन यांच्यातला दाब १२.७ केव्ही. ६ मिलिमीटरमध्ये तो सरासरी मिलिमीटरला सुमारे २ केव्ही पडतो. एक्सएलपीईला त्याची फिकीर नसते. पण त्याचा परावैद्युतांक सुमारे २.३ आणि हवेचा १, त्यामुळे चपट्या पोकळीतल्या हवेवर सव्वादोन पट ताण येतो. म्हणजे मिलिमीटरला जवळपास ५ केव्ही, आणि लाटेच्या शिखरावर त्याहूनही जास्त. साधी हवा मिलिमीटरला ३ केव्हीच्या आसपास हार मानते, अरुंद फटीत त्याहून अधिक टिकते. सेमीकॉनच्या टोकाशी तीही टिकत नाही आणि पोकळीत ठिणगी पडते.

या ठिणगीत, म्हणजे आंशिक डिस्चार्जमध्ये, पूर्ण विद्युतभंग नसतो, म्हणून फिडर ट्रिप होत नाही. ठिणगीतला विद्युतभार पिकोकुलंबमध्ये मोजावा लागतो इतका थोडा. पण दर सेकंदाला १०० अर्धचक्रं असतात आणि प्रत्येकात ठिणगी पडू शकते. इलेक्ट्रॉनांचा मारा पोकळीच्या भिंतीवर होत राहतो, ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात, पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात आणि बारीक खड्डे पडतात. एखाद्या खड्ड्याच्या टोकापासून फांद्याफांद्यांची पोकळ नळी पुढे सरकू लागते. तिला विद्युतवृक्ष म्हणतात. तो फुटला की केबल कधी काही तासांत जाते, कधी काही महिन्यांनी.

अशा वेळी मेगर काय सांगणार? तो एकदिश दाब लावून रोध मोजतो. पोकळीच्या पुढचं पाच-साडेपाच मिलिमीटर पॉलिथिन शाबूत असेल तर आकडा उत्तमच येईल. मेगर खोटं बोलत नाही, त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. त्यावर जोराची डीसी चाचणी करणं हा उपाय नव्हे. जुन्या एक्सएलपीईत त्या चाचणीनं अवकाशभार साठतो आणि केबल पुढे लवकर जाऊ शकते.

पाण्याचा युक्तिवादही तपासायला हवा. पाण्यानं पॉलिथिन बिघडतं हे खरं. जपानमध्ये १९६९ साली जलवृक्ष नोंदवले गेले आणि पुढे अमेरिकेतल्या सुरुवातीच्या काही केबली अपेक्षेच्या निम्म्या वयातच गेल्या. पण जलवृक्ष एका सरीत उगवत नाही. ओल आणि ताण वर्षानुवर्षं एकत्र राहावे लागतात. पहिल्या पावसात केबल गेली, तर तिचा बिघाड आधीच बराच पुढे गेलेला असण्याचीच शक्यता जास्त. एक अडचणही इथं मांडायला हवी: जलवृक्ष वाढताना ठिणग्या पडत नाहीत, म्हणून केवळ डिस्चार्ज मोजून तो सापडत नाही. त्यासाठी ०.१ हर्ट्झच्या दाबावर टॅन डेल्टा, म्हणजे पॉलिथिनमध्ये वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप, पाहावा लागतो. दोन्ही चाचण्या लागतात.

‘जुन्या कागदी केबली पन्नास वर्षं चालल्या’ असंही ऐकू येतं. चालल्या, कारण कागदातलं तेलकट मिश्रण थोडंफार सरकून पोकळी भरून काढायचं. एक्सएलपीईला ती सोय नाही. कागद सहन करायचा तेवढे डिस्चार्ज त्याला सोसत नाहीत. म्हणून ते वाईट ठरत नाही, फक्त त्याच्या जॉइंटला जास्त स्वच्छता आणि जास्त वेळ द्यावा लागतो.

कारखान्यातून निघणाऱ्या केबलीची डिस्चार्जसाठी तपासणी होते, मग रस्त्यात केलेल्या जॉइंटची का नको? खोदाईची परवानगी देताना तुटलेल्या केबलीच्या जॉइंटचा आणि त्यानंतरच्या व्हीएलएफ (अतिशय कमी वारंवारतेचा दाब लावून केबल टिकते का हे पाहणारी चाचणी), टॅन डेल्टा आणि डिस्चार्ज चाचण्यांचा खर्च तोडणाऱ्याकडून घ्यावा. आणि ज्या सोसायट्यांचं, रुग्णालयांचं, कंपन्यांचं स्वतःचं एचटी कनेक्शन आहे, त्यांनी पुढच्या दुरुस्तीनंतर ठेकेदाराच्या मेगरच्या आकड्यावर समाधान मानू नये. या तिन्ही चाचण्यांचा अहवाल मागावा आणि तो हाती आल्यावरच बिल द्यावं.