हिरव्या रंगाचा जमाखर्च



आश्विनातली ओळी संपत आली की घराघरांत एकच विषय निघतो: यंदा रंग कोणता द्यायचा? आमच्या लोणखेड्यात आणि शेजारच्या शहाद्यात सध्या क्रीम आणि पांढरा मागे पडून हिरवा परत आलेला दिसतो. पण हा हिरवा पूर्वीचा, दवाखान्याच्या भिंतीसारखा थंड हिरवा नव्हे. मुलींना हवा असतो तो थोडा पिवळट, मऊ, डोळ्यांना ऊब देणारा. दुकानातल्या शेडकार्डावर त्याला इंग्रजी नावं असतात. आपल्याकडे त्याची नावं आधीपासून आहेत आणि बहुतेक स्वयंपाकघरातली किंवा अंगणातली आहेत: मेंदी, मुगी, पोपटी, शेवाळी, पिस्ता, चिंचेच्या कोवळ्या पाल्याचा.

ही सगळी नावं एकच गोष्ट सांगतात. हिरव्यात निळा वाढला की रंग थंड होतो, पिवळा वाढला की उबदार होतो, आणि त्यात किंचित तांबूस पडला की तो मेंदीकडे झुकतो. म्हणजे उबदार हिरवा ही मुळात मिसळ आहे. मी कॉमर्सची पदवीधर असल्यामुळे मिसळ म्हटली की मला जमाखर्च आठवतो: यात काय काय पडलं आणि ते कुठून आलं? हा प्रश्न धरून हिरव्या रंगाचा इतिहास वाचत गेले, तेव्हा कळलं की घराच्या भिंतींवर आलेल्या रंगांत हिरव्याइतका जीव घेणारा रंग क्वचितच असेल. आणि सुरुवात तर आपल्या मातीत किती निर्मळ झाली होती!

ती सुरुवात खानदेशाच्या वेशीवरच आहे. जळगावहून थोड्या अंतरावर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला ती दिसली आणि जगाला माहीत झाली. तिथल्या चित्रांतला हिरवा रंग म्हणजे हिरवी माती. आपला काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस. त्यात राहिलेल्या पोकळ्यांमध्ये हिरवट खनिज साठतं. ते कुटून, चाळून, धुऊन रंग केला जाई. पिवळा आणि तांबडा रंग पिवडी आणि गेरूचा, काळा काजळीचा. निळ्यासाठी मात्र लाजवर्द हा दगड दूर अफगाणिस्तानातून यायचा. अजिंठ्याचा हिरवा आजही मऊ आणि शांत दिसतो, कारण मातीचा रंग कधी किंचाळत नाही. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकांची लेणी आपली जैन लेणी आहेत. तिथल्या इंद्रसभेच्या छतावर अजून रंगकाम शिल्लक आहे. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा मान वर करून ते जरूर बघा.

दुसरा हिरवा चित्रकारांचा. पिवळा हरताळ आणि निळीच्या झाडाची नीळ एकत्र घोटली की सुंदर हिरवा होतो. हरताळ आपल्या पोथ्यांना चांगला परिचयाचा. लिहिताना अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळ लावून ते झाकत. मराठीत ‘हरताळ फासणे’ म्हणतात ते तिथूनच आलं. पण हरताळ म्हणजे गंधक आणि आर्सेनिक, आपल्या भाषेत सोमलाच्या कुळातलं खनिज. पोथीच्या पानावर त्याचा पातळ थर असायचा आणि पोथी कापडात बांधलेली असायची. ते भिंतीवर फासून त्या खोलीत लेकरं झोपवायचं काम कुणी केलं नव्हतं.

ते काम युरोपात झालं. १७७५ मध्ये स्वीडनमधल्या कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि सोमल यांच्यापासून एक झळझळीत हिरवा रंग बनवला. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात त्याहून चमकदार आणि टिकाऊ हिरवा तयार होऊ लागला. तो स्वस्तही होता. बघता बघता तो भिंतीवर चिकटवायच्या रंगीत कागदात, पडद्यांत, खेळण्यांत, कपड्यांत, टोपीवरच्या कागदी फुलांत सगळीकडे गेला. इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरात हिरवी खोली असणं म्हणजे प्रतिष्ठा झाली.

मग माणसं आजारी पडू लागली. १८६१ मध्ये लंडनमध्ये मटिल्डा शोअरर ही १९ वर्षांची मुलगी मरण पावली. कागदी पानांवर हिरवी पूड टाकायची, हे तिचं रोजचं काम. पुढच्याच वर्षी लाइमहाउस भागातल्या एका घरातली चार मुलं एकामागून एक गेली. आधी घटसर्प असल्याचं मानलं गेलं, पण डॉक्टरांचं लक्ष गेलं ते मुलांच्या खोलीतल्या हिरव्या कागदाकडे. ओलसर भिंतीवरची बुरशी या कागदातल्या आर्सेनिकचा विषारी वायू करू शकते, हे इटलीतल्या बार्तोलोमेओ गोझिओ यांनी १८९० च्या दशकात दाखवलं. पूड झडून श्वासात जाई ती वेगळीच.

यातली एक गोष्ट वाचून मी बराच वेळ थांबले. हाच श्वाइनफुर्टचा हिरवा, ‘पॅरिस ग्रीन’ या नावाने, अमेरिकेत बटाट्यावरचे किडे मारायला शेतात फवारला जाऊ लागला. पुढे डासांच्या अळ्या मारायलाही तोच वापरला गेला. म्हणजे शेतात जे कीटकनाशक होतं, तेच घरात शोभेचं होतं. आपण चौमासात पाणी गाळतो, धान्य निवडतो, दिवा झाकतो. एका रंगापायी किती जीव गेले असतील, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

आणि हे थांबलं कसं? जर्मनी आणि स्वीडनसारख्या ठिकाणी निर्बंध आले. ब्रिटनमध्ये मात्र अशा भिंतीच्या कागदावर बंदी घालणारा कायदा कधी झालाच नाही. त्या काळचे प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिस यांच्या कागदांतही हा हिरवा होता आणि त्यांच्या कुटुंबाचे पैसे सोमल काढणाऱ्या मोठ्या खाणीत गुंतलेले होते. ते स्वतः या भीतीला फारशी किंमत देत नसत. तरीही दुकानदार हळूहळू बदलले, कारण वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि गिऱ्हाईक विचारू लागलं, ‘यात आर्सेनिक आहे का?’ मग कारखानदारच ‘आर्सेनिकविरहित’ अशा जाहिराती करू लागले. घर चालवणाऱ्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नाची ही ताकद!

आता आपल्याकडे येऊ. पिवळ्यासाठी भारतात पेवडी किंवा पियुरी नावाचा एक झगझगीत रंग होता. तो मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावी आंब्याची पानं खायला घातलेल्या गाईंच्या मूत्रापासून करतात, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लंडनला कळवलं. नुसत्या पानांवर ठेवलेल्या त्या गाई अगदी खंगलेल्या असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रंग बाजारातून गेला. निळ्याची गोष्टही अशीच. १७०६ च्या सुमाराला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा सुरुवातीला जनावरांचं वाळवलेलं रक्त वापरून बनवत. पुढे पद्धत बदलली आणि रक्ताची गरज राहिली नाही. पण या निळ्यात शिसंयुक्त क्रोम पिवळा मिसळून जो हिरवा तयार झाला, तो ऑईलपेंटच्या डब्यांतून जगभर पोचला.

आपल्या जुन्या घरांच्या दारांना, खिडक्यांच्या गजांना, पाळण्यांना जो गडद हिरवा ऑईलपेंट असायचा, तो आठवतो ना? असा जुना रंग शिशाचा असण्याची बरीच शक्यता असते. भिंतीवर मात्र तो चालत नसे, कारण चुन्याच्या तिखटपणाने प्रशियन निळा बिघडून तपकिरी होतो. म्हणून आपल्या चुन्याच्या भिंती फिकट राहिल्या आणि दारं गडद.

चुन्यानंतर आला डिस्टेंपर. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात बंद असताना, मुंबईत चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काढलेला, हातात ब्रश घेतलेला गट्टू घराघरांत पोचला. गावोगावच्या भिंतींवर पोपटी आणि पिस्ता रंग दिसू लागले ते याच काळात. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवायचं ते एवढंच की, जुन्या पद्धतीच्या साध्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी धरून ठेवायला सरस घालत, आणि सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं शिजवून काढलेला चिकट पदार्थ. कुठे त्याऐवजी दुधातलं केसीन वापरत. चुन्यात डिंक घालणाऱ्या आपल्या आजीला हे सांगितलं असतं, तर तिने काय निवडलं असतं हे सांगायला नको.

आज काय स्थिती आहे? घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त नसावं, असा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. भिंतीचे आजचे इमल्शन रंग बहुतेक ॲक्रिलिकचे असतात. दुकानातल्या मशीनमध्ये पांढऱ्या टिटॅनियमच्या बेसमध्ये थेंब पडतात. हिरव्यासाठी बहुधा थॅलो हिरवा, १९३० च्या दशकातला शोध, जात्याच थंड आणि निळसर. त्याला उबदार करण्यासाठी पडतो पिवळा ऑक्साइड आणि कधी चिमूटभर तांबडा ऑक्साइड. हे दोन्ही लोखंडाचे रंग, म्हणजे अजिंठ्याच्या पिवडीचे आणि गेरूचे कारखान्यात जन्मलेले भाऊ! दोन हजार वर्षांनीही हिरव्याला ऊब द्यायला तीच मातीची जात लागते, याचं मला मोठं समाधान वाटलं.

तरी विचारायचं सोडू नका. खाण्याच्या पाकिटावर आपण आधी हिरवा ठिपका शोधतो. रंगाच्या डब्यावर तसा ठिपका बघायला मिळत नाही. दुकानातला मुलगा घाईत म्हणेल, “काकू, फक्त शेडचा नंबर सांगा.” नंबर जरूर सांगा, पण डबा हातात घेऊन शिशाबद्दल काय छापलंय ते वाचा, आणि सरस किंवा केसीन आहे का, ते कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. दहा जणींनी विचारलं तर अकरावीच्या वेळी उत्तर तयार असेल.

आता निवडीबद्दल, आपल्या हवेचा आणि उजेडाचा विचार करून:

• खानदेशात दुपारनंतरचं ऊन पिवळंजर्द असतं. पश्चिमेच्या खोलीत उबदार हिरवा आणखी पिवळा होऊन मोहरीसारखा दिसतो. तिथे थोडी राखी झाक असलेला शेवाळी घ्या. उत्तरेच्या खोलीतला उजेड निळसर असतो, तिथे मुगी किंवा पिस्ता खुलतो.

• शेडकार्डाच्या तुकड्यावर निर्णय घेऊ नका. लहान डबा आणून दोन बाय दोन फुटांचा चौकोन दोन वेगवेगळ्या भिंतींवर रंगवा आणि सकाळी, दुपारी, दिवा लावल्यावर असा तीनदा बघा. पूर्ण भिंत रंगली की रंग कार्डापेक्षा गडद वाटतो, म्हणून एक पायरी फिका घेतलेला बरा.

• दिवा तपासा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडीखाली उबदार हिरव्याची ऊब निघून जाते. ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली ती राहते. कित्येकदा रंग बरोबर असतो, दिवा बदलायला हवा असतो.

• जुन्या दारा-खिडक्यांचा रंग कोरडा घासू देऊ नका. शिशाची धूळ लहान मुलांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूला इजा करते. पाणी मारून ओलं घासायला सांगा, लेकरांना आणि गरोदर सुनेला त्या दिवसांत दुसरीकडे ठेवा, खाली अंथरलेला कागद गुंडाळून टाका. घासणाऱ्या कारागिरालाही तोंडाला मास्क द्या. मटिल्डाची गोष्ट त्याच्यासाठीही आहे.

• आणि जयणा. काम सुरू होण्याआधी कोपरे, फटी, वीजपेट्या बघून कोळी, पाली, मुंग्या हळुवार बाहेर काढायला दोन दिवस राखून ठेवा. ओल असेल तर आधी ती दुरुस्त करा. बुरशीवर रंग मारला तर जीवही जातात आणि रंगही टिकत नाही.

हिरवा रंग आपल्याला परका नाही. नवपदाच्या ओळीत चौथ्या दिवशी उपाध्यायांचं आयंबिल हिरव्या मुगाचं असतं. १९७४ मध्ये २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी स्वीकारलेल्या आपल्या पंचरंगी ध्वजातही हिरवा आहे. उपाध्याय शिकवतात, म्हणून त्यांच्या रंगाने आपल्याला एवढं शिकवलं तर ते शोभूनच दिसेल: वस्तू सुंदर आहे की नाही हे डोळे सांगतात, ती कशाची बनली हे विचारावं लागतं. तिथीला आपण ताटातली लिलोत्री सोडतो ती जिवांसाठी. भिंतीवर हिरवा चढवताना तोच विचार थोडा पुढे न्यायचा, इतकंच.

यंदा कुणाकडे कोणता हिरवा लागला, आणि दुकानदाराने काय उत्तर दिलं, ते नक्की कळवा. जय जिनेंद्र.