रात्री जागं कोण होतं? एकलहरे आणि गावसुरक्षेचा इतिहास

मागच्या काही लेखांवर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली होती. "विषय सापडतो, पण प्रश्न सापडत नाही. काय करायचं?" पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या प्रत्येकाची हीच अडचण असते. माझीही होती. म्हणून आज माझ्याच कामातलं उदाहरण घेतो.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचा विषय होता 'एकलहरे परिसरातील सार्वजनिक सुरक्षेचा इतिहास'. मार्गदर्शकांनी तो वाचला, चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "सुरक्षा म्हणजे कुणाची? आणि ती तुला कुठल्या दप्तरात सापडणार आहे?" मी गप्प. गुन्ह्यांचे आकडे गोळा करायचे, आलेख काढायचा, निष्कर्ष लिहायचा, असा माझा साधा हिशेब होता. तो तिथंच कोसळला. त्यानंतर जे उमगत गेलं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

आधी ठरवा, हे गाव आहे की शहर?

नाशिकरोडहून पूर्वेकडे निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. तेच एकलहरे. गोदावरी आणि दारणा या दोन्ही नद्या जवळ, म्हणून पाणी आहे. ओढ्याचं रेल्वे स्टेशन जवळ, म्हणून कोळसा आणता येतो. वीज केंद्र इथंच का, याचं अर्धं उत्तर या दोन वाक्यांत आलं. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 साली स्थापन झालं. एकलहऱ्यातले पहिले दोन संच 1970-71 च्या सुमारास सुरू झाले आणि 210 मेगावॅटचे आणखी तीन संच 1979 ते 1981 या काळात आले. शेतजमिनी गेल्या, कामगारांची वसाहत उभी राहिली. शाळा, दवाखाना, क्लब, आखीव रस्ते आणि गेटवर पहारा.

आता गंमत बघा. जनगणनेच्या भाषेत एकलहरे हे 'जनगणना नगर' आहे. त्याच्या तीन अटी असतात: लोकसंख्या किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात. वसाहतीमुळे या अटी पूर्ण झाल्या. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. 7 नोव्हेंबर 1982 ला नाशिक महानगरपालिका झाली, तेव्हा नाशिक, नाशिकरोड, देवळाली आणि आसपासची गावं तिच्यात आली. एकलहरे बाहेर राहिलं.

म्हणजे मोजताना शहर आणि कारभार करताना गाव. ही तांत्रिक बाब वाटते, पण संशोधकासाठी इथंच खरं काम सुरू होतं. रस्त्यावर दिवा कुणी लावायचा, गवत कुणी कापायचं, रात्रीची फेरी कुणी मारायची, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'गाव की शहर' यावर ठरतं. जनगणनेचं पुस्तक उघडताना नगरांची यादी बघायची आणि ग्रामपंचायतीचं दप्तर मागताना गावाचं. एकच ठिकाण, दोन कपाटं. हे लक्षात आलं नाही तर निम्मे कागद हातातून जातात.

जागल्या ते पोलीस पाटील

आता थोडं मागे जाऊ. वीज केंद्राच्या आधी या टापूतल्या गावांची राखण कोण करत होतं?

जुन्या गावगाड्यात पाटील हा गावचा मुख्य. वसुली त्याची आणि बंदोबस्तही त्याचा. पण पाटील काही रात्रभर काठी आपटत फिरत नव्हता. ते काम महार, रामोशी, जागल्या यांचं. सीमा राखणं, आल्यागेल्यावर नजर ठेवणं, चोराचा माग काढणं. त्र्यंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा' हे 1915 चं पुस्तक यासाठी जरूर वाचा. लेखक स्वतः महसूल खात्यात होते. त्यामुळे माहिती जवळून पाहिलेली आहे, पण नजर सरकारी नोकराची आहे, हे वाचताना विसरू नका. 1883 चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियरही त्याच सावधपणे वाचायचं.

ब्रिटिशांनी ही व्यवस्था मोडली नाही, कायद्यात बसवली. 1867 चा मुंबई ग्राम पोलीस कायदा आला. 1874 च्या वंशपरंपरागत अधिकार कायद्याने वतनं बांधून टाकली. त्याचा अर्थ असा की गाव रात्री निर्धास्त झोपायचं, ते कुणाच्या तरी जन्माने ठरलेल्या जागरणावर. मोबदला तुटपुंजा आणि नकार द्यायची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधी दुरुस्ती विधेयक मांडलं, ते याच कारणासाठी. कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा. म्हणजे कायदेमंडळात प्रश्न मांडल्यापासून तीस वर्षं गेली.

पुढचे बदल भराभर झाले. मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने गेलं. महाराष्ट्र ग्राम पोलीस कायदा 1967 चा. आता पोलीस पाटील वंशाने ठरत नाही, शासन नेमतं. गावात काही घडलं की ठाण्याला कळवणं, मेजवानी असो की मयत, गावावर लक्ष ठेवणं हे त्याचं काम. त्याला पगार नाही, मानधन असतं. ते 6,500 वरून 15,000 रुपये करण्याचा निर्णय मार्च 2024 मध्ये झाला.

तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. 1958 ला वतनं गेली, 1967 ला नवा पोलीस पाटील आला, 1970 ला वीज केंद्र सुरू झालं. जुना पहारा संपला आणि वसाहतीचा नवा पहारा उभा राहिला, यात जेमतेम बारा वर्षांचं अंतर आहे. माझा प्रश्न मला या अंतरात सापडला.

गेटच्या आत, गेटच्या बाहेर

वसाहतीची सुरक्षा ही मालकाची सुरक्षा असते. गेटवरचा पहारेकरी गावाला बांधील नसतो, नेमणाऱ्याला असतो. गाव आणि वसाहत यांच्यात एक कुंपण असतं. कुंपणाच्या एका बाजूचा दिवा संस्था लावते आणि दुसऱ्या बाजूचा ग्रामपंचायत. पहारेकऱ्याच्या कामालाही कायद्याचा इतिहास आहे. खाजगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचं आणि कल्याणाचं नियमन करणारा महाराष्ट्राचा कायदा 1981 चा. जागल्याला हक्क नव्हते. या रक्षकाला निदान कागदावर तरी आहेत. ते हातात किती पडतात, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कुणी घेत असेल तर मला आवडेल.

ग्रामपंचायतीकडे बघू. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात गावाने करायच्या कामांची यादी आहे. त्यात रस्त्यावरची दिवाबत्ती आहे आणि गावाची व पिकांची राखणही आहे. यादी मोठी, तिजोरी लहान. याच कायद्याच्या कलम 125 मध्ये कारखान्यांसाठी एक तरतूद आहे. वेगवेगळे कर भरण्याऐवजी कारखान्याने पंचायतीला एकरकमी अंशदान द्यायचं, असा करार करता येतो. एखाद्या गावात मोठा प्रकल्प असेल तर हे कलम आधी वाचा. गावाच्या दिव्याचा, गटाराचा आणि पहाऱ्याचा पैसा किती, हे अशा करारावर बरंच अवलंबून असतं.

आणि दिव्याचंच बोलायचं तर 2021 मध्ये राज्यभर ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांच्या थकीत बिलांचा प्रश्न पेटला होता. वीज तोडली म्हणून सरपंच रस्त्यावर आले. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिलं भरा, असं शासनाने सांगितलं, त्यावरही नाराजी होती. 2005 मध्ये विद्युत मंडळाचं विभाजन झालं, तेव्हापासून वीज तयार करणारी कंपनी वेगळी आणि बिल पाठवणारी वेगळी. जिथं चिमणीतून धूर निघतो, त्या गावालाही खांबावरच्या दिव्याचं बिल इतरांसारखंच येतं.

बिबट्या आणि तीन कार्यालयं

अंधाराचा प्रश्न केवळ चोरीचा नाही. 2020 मध्ये दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. वनविभागाने पिंजरे लावले, बिबटे पकडले. ऊस, नदीकाठची झाडी, मोकाट कुत्री हे सगळं या भागात आहे. आता विचार करा. पिंजरा वनविभागाचा, खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, वाढलेलं गवत ज्याची जमीन त्याचं, आणि संध्याकाळी सातला क्लासवरून परत येणारी मुलगी कुणाची? तिच्यासाठी ही तीन कार्यालयं वेगळी नसतात. रस्ता एकच असतो.

इथं मला मार्गदर्शकांचा प्रश्न नीट कळला. गुन्ह्यांचे आकडे पोलीस ठाण्याच्या दप्तरातून येतात, म्हणजे जे नोंदलं गेलं तेवढंच. भीती नोंदली जात नाही. ती सापडते ग्रामसभेच्या इतिवृत्तात, दिवाबत्तीच्या अर्जात, वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरच्या चार ओळींच्या बातमीत. 15 ऑगस्ट 2007 ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, तेव्हा गावोगावी समित्या झाल्या आणि भांडणं मिटवल्याच्या नोंदी झाल्या. ठाण्यात गुन्हा कमी दिसतो, कारण तंटा गावातच मिटला, की भांडणच कमी झालं? आलेख याचं उत्तर देत नाही. दोन दप्तरं शेजारी ठेवली तर थोडंफार कळतं.

तर मग करायचं काय?

तुमच्या गावासाठी हे करून बघा.

पहिलं, 'सुरक्षा' हा शब्द बाजूला ठेवा आणि विचारा: रात्री जागं कोण होतं आणि त्याला मोबदला कोण देत होतं? एवढ्या एका प्रश्नात जात येते, कायदा येतो, पैसा येतो आणि कष्टही येतात.

दुसरं, ग्रामपंचायतीत नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि ग्रामसभेची इतिवृत्तं बघा. सौजन्याने मागा. बहुतेक ठिकाणी ग्रामसेवक चहा पाजून दाखवतात. नाहीच जमलं तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच, पण पहिल्याच दिवशी अर्ज टाकून माणूस दुखवू नका.

तिसरं, 'गावकरी', 'देशदूत' अशा स्थानिक दैनिकांचे जुने अंक चाळा. बातमीला पुरावा समजण्याआधी विचारा, ती कुणी दिली असेल? सरपंचाने, ठाण्याने, की रहिवाशांनी?

चौथं, म्हाताऱ्या माणसांशी बोला. निवृत्त कामगार, पोलीस पाटील आणि विशेष करून बायका. रात्रपाळी कुणाची, घरात एकटं कोण, कुठला रस्ता टाळायचा, हे त्यांना तोंडपाठ असतं. नावं छापायची असतील तर परवानगी घ्या, नाहीतर नावं गाळा.

हे आत्ताच का?

एकलहऱ्यातले सुरुवातीचे दोन संच बंद झाले. आता 210 मेगावॅटचे तीनच, म्हणजे 630 मेगावॅट, आणि तेही चाळिशी ओलांडलेले. 660 मेगावॅटच्या बदली संचाची मागणी कित्येक वर्षं तशीच आहे. लोक रोजगारासाठी बोलतात, ते बरोबरच आहे. पण वसाहत ओसरत गेली तर गेटवरचा पहारा, आखीव रस्त्यांवरचे दिवे, कापलेलं गवत यांचं काय होणार? 1970 मध्ये जुन्या पहाऱ्याच्या जागी नवा पहारा आला, तेव्हा पैसे देणारा कुणीतरी होता. पुढच्या बदलाच्या वेळी तो असेलच असं नाही. तेव्हा ग्रामसभेत कुणीतरी उठून विचारेल, "आधी हे कोण करत होतं?" त्याचं उत्तर लिहून ठेवलेलं असावं, म्हणून हा प्रबंध.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये 'सार्वजनिक सुरक्षा' हे शब्द शीर्षकात नाहीत. तिथं 'राखण' आहे. मार्गदर्शकांनी या वेळी चष्मा काढला नाही, फक्त म्हणाले, "आता दप्तर शोध." पुढच्या लेखात नमुना 8 कसा वाचायचा ते सांगतो. तोवर आपापल्या गावातला सगळ्यात जुना दिव्याचा खांब कुठं आहे आणि तो कुणी लावला, एवढं विचारून या.