ओले सरपण आणि निखारा : ओमायन्यूजमधील नवोदित बातमीदारांची घडण

वृत्तपत्रांचा इतिहास लिहिताना आपण संपादकांची चरित्रे लिहितो, फार तर अग्रलेखांची मीमांसा करतो. प्रथमच लिहिणाऱ्या माणसाचा मजकूर संपादकाच्या टेबलावर येऊन पडला की पुढे त्याचे काय होते, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. दक्षिण कोरियातील 'ओमायन्यूज' या संकेतस्थळाच्या बाबतीत हा प्रश्न टाळताच येत नाही. पत्रकारिता हा ज्यांचा व्यवसाय नाही अशा माणसांच्या लेखनावरच त्याचा डोलारा उभा राहिला होता.

त्याचे संस्थापक ओ यॉन-हो हे पूर्वी 'माल' नावाच्या पुरोगामी मासिकाचे बातमीदार होते. (कोरियन भाषेत 'माल' म्हणजे बोल, वाणी.) १९९४ साली त्यांनी नोगुन-री येथील हत्याकांडाविषयी लिहिले. कोरियन युद्धाच्या आरंभी, जुलै १९५० मध्ये, अमेरिकन सैनिकांनी तेथे निर्वासित नागरिकांना ठार मारले होते. मोठ्या वृत्तपत्रांनी त्या लेखाकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. पुढे १९९९ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तोच विषय मांडला, तेव्हा जगभर खळबळ उडाली आणि २००० साली त्या वृत्तांकनाला पुलित्झर पारितोषिकही मिळाले. बातमी काय आहे यापेक्षा ती कोणाच्या तोंडून आली आहे यालाच वजन असते, हा धडा ओ यांनी त्यातून घेतला. २२ फेब्रुवारी २००० रोजी दुपारी दोन वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी ओमायन्यूज सुरू केले. पगारी माणसे मोजून चार. नावे नोंदवलेले नागरिक-बातमीदार ७२७. 'प्रत्येक नागरिक बातमीदार आहे' हे त्यांचे घोषवाक्य.

घोषवाक्य लिहिणे सोपे असते. दुसऱ्या दिवशी सकाळी गृहिणी, विद्यार्थी, कारकून, शिक्षक यांचे लेख येऊ लागले की त्यांचे करायचे काय? येथे ओमायन्यूजने योजलेली परिभाषा भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहण्याजोगी आहे. आलेला पण अद्याप न स्वीकारलेला लेख म्हणजे 'सेंगनामू', ओले लाकूड. संपादकांनी वाचून, तपासून स्वीकारलेला लेख म्हणजे 'इंगल', धगधगता निखारा. त्याच्याही वर आणखी पायऱ्या होत्या. जसे स्थान, तसे मानधन. आरंभीच्या काळात अगदी वरच्या जागेसाठीसुद्धा ते वीस हजार वॉनच्या आसपास असे, म्हणजे त्यावर कोणाचे घर चालणे शक्यच नव्हते.

'नाकारलेला' आणि 'ओला' या दोन शब्दांतील अंतर मला फार मोठे वाटते. नाकारलेल्या लेखाची गोष्ट तेथेच संपते. ओले लाकूड वाळू शकते. शिवाय हे ओले सरपण दडवून ठेवले जात नसे. ते वेगळ्या कप्प्यात वाचकांना पाहता येई. लेख ओला का राहिला हे लेखकाला सांगण्याचीही सोय होती. महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे संपादन करताना मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांचे लेख 'साभार परत' या दोन शब्दांनिशी परत केले आहेत. कारण सांगायला वेळ नव्हता, असे मी स्वतःला समजावत आलो. ते खरे नव्हते. कारण सांगायचे तर लेख पुन्हा वाचावा लागतो.

नव्या माणसाला दिल्या जाणाऱ्या सूचना मोजक्याच होत्या. नाव नोंदवताना खरी ओळख द्यावी लागे आणि आचारसंहिता मान्य करावी लागे. माहिती घेताना आपण बातमीदार आहोत हे समोरच्याला स्पष्ट सांगावे; निराधार तर्कावर लेख उभा करू नये; कोणाच्या खासगी आयुष्याला धक्का लावू नये; स्वतःच्या वा आपल्या संस्थेच्या हितासाठी वस्तुस्थिती वाकवू नये; चूक झाल्यास तत्काळ आणि पूर्णपणे क्षमा मागावी. शैलीविषयी मात्र सक्ती नव्हती. बातमीचा ठरीव साचा मोडावा, असाच ओ यांचा आग्रह होता. पत्राच्या, रोजनिशीच्या, गप्पांच्या वळणाने लिहिलेले वृत्तही चाले. तथ्याबाबत कठोर आणि शैलीबाबत सैल, ही विभागणी मला अत्यंत समंजस वाटते. आपल्याकडे लेखनशुद्धीचा तांबडा पेन आधी चालतो आणि तपशील खरा आहे का हे विचारायचे राहून जाते.

खऱ्या नावाच्या अटीबद्दल मात्र मराठी वाचकाच्या मनात शंका येणारच. १८४८ मध्ये भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये पत्रे लिहू लागलेला पंचविशीतला सरकारी नोकर 'लोकहितवादी' हे नाव घेऊनच लिहीत होता. ओमायन्यूजची अट तेथे असती, तर गोपाळ हरी देशमुखांनी तितक्या मोकळेपणाने लिहिले असते का?

तरीही ओळख लपवल्याने काय घडू शकते, हे ओमायन्यूजनेच अनुभवले. जून २००२ मध्ये अमेरिकन लष्करी वाहनाखाली दोन शाळकरी मुली चिरडून मेल्या. नोव्हेंबरमध्ये संबंधित सैनिक निर्दोष सुटले. तेव्हा एका माणसाने टोपणनावाने मेणबत्त्या घेऊन जमण्याचे आवाहन केले आणि सोलमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले. पुढे उघड झाले, की हाच माणूस ओमायन्यूजचा नागरिक-बातमीदार होता आणि आपल्याच आवाहनाची बातमी त्याने कोणा तिऱ्हाइताचे आवाहन असल्यासारखी लिहिली होती. २००३ च्या आरंभी यावरून बरीच टीका झाली. आवाहन प्रामाणिक होते, लोकांचा संतापही खरा होता; पण 'मी' लिहायच्या जागी त्याने 'एक जण' लिहिले. तपासणाऱ्यांनी घटना तपासली असेल, सर्वनाम तपासायचे राहिले. आणि हे सारे घडले ते ओमायन्यूजच्या भरभराटीच्या दिवसांत. डिसेंबर २००२ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी आपली पहिली मुलाखत मोठ्या दैनिकांना डावलून याच संकेतस्थळाला दिली होती.

पुढचा प्रवास उताराचा आहे. २००६ मध्ये सुरू झालेली जपानी आवृत्ती काही वर्षांतच बंद पडली. रोपटे नेले, पण त्याखालची माती नेता आली नाही. त्याच सुमारास, नोव्हेंबर २००७ मध्ये, ओमायन्यूजने गांगह्वा बेटावर नागरिक-बातमीदारांसाठी एक शाळा उघडली. इमारत जुनीच होती. मुलांअभावी बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेची. त्या वर्गांत आता मोठी माणसे बसून बातमी लिहायला शिकू लागली.