रानकुत्र्याचा फोटो आणि बक्षिसाची नोंद

पनवेलमध्ये जंगल म्हटलं की लोकांना कर्नाळा आठवतो, आणि रानकुत्रा म्हटलं की टीव्हीवरचा आफ्रिकेतला ठिपकेदार कुत्रा. मी रानकुत्र्यांच्या इतिहासावर काम करते म्हटल्यावर पहिला प्रश्न हमखास येतो, "आफ्रिकेला जाणार का मग?" नाही. आपला रानकुत्रा इथलाच आहे. वेगळ्या जातीचा, तांबूस अंगाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा.

आणि त्याचं मराठी नाव शास्त्राच्या कागदांत फार लवकर आलंय. विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. दख्खनभर फिरून त्याने पिकांपासून पक्ष्यांपर्यंत सगळ्याची मोजदाद केली. 1831 साली त्याने दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. तीत या कुत्र्याला 'कॅनिस दखुनेन्सिस' असं नाव दिलं आणि शेजारी मराठे त्याला 'कोळसून' म्हणतात हेही नोंदवलं. (हे शास्त्रीय नाव टिकलं नाही. पालासने 1811 मध्येच या प्राण्याचं वर्णन केलं होतं. कोळसून मात्र अजून बोलण्यात आहे.)

पुढची शंभर वर्षं कागदपत्रांत हा प्राणी भेटतो तो बहुतेक मेलेलाच. इंग्रजी अमलात तो उपद्रवी ठरला. मारल्याचा पुरावा दाखवा आणि बक्षीस न्या, असा व्यवहार. कारण सरळ होतं: हरणं, सांबरं साहेबाला शिकारीसाठी हवी होती आणि हा त्यात वाटेकरी. शिवाय तो वाघासारखा गळा धरून मारत नाही. मोठ्या सावजाला कळपाने घेरतो आणि जिवंतपणीच फाडायला लागतो. शिकाऱ्यांना ते 'क्रूर' वाटलं. बंदूक घेऊन बसलेल्या माणसाने असं म्हणावं, याची मला दरवेळी गंमत वाटते. ही बक्षिसं 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येईपर्यंत चालू राहिली.

म्हणून मला फोटो महत्त्वाचा वाटतो. 1920 च्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियनने तारेला पाय लागला की फ्लॅश उडेल अशी सोय करून वाघांचे फोटो काढले, पण कौतुक वाघाच्याच वाट्याला आलं. रानकुत्र्याकडे नीट पाहणं सुरू झालं ते 1970 च्या दशकात. आफ्रिकेत ह्यूगो व्हॅन लाविकने तिथल्या रानकुत्र्यांची टोळी चित्रित केली. इकडे ए. जे. टी. जॉनसिंग 1976 ते 1978 बंदीपूरमध्ये कोळसुनांच्या मागे पायी फिरले. पुढे कृपाकर-सेनानींनी त्यांच्यावर फिल्म केली. पिल्लं आधी खातात, मोठे नंतर. शिकारीहून आलेले कुत्रे पिल्लांसाठी मांस ओकून देतात. पांगलेला कळप शिट्ट्या घालून एकत्र येतो. बक्षिसाच्या नोंदीत यातलं काहीच मावलं नसतं.

पण फोटोवरही फार विसंबू नका. आफ्रिकेतल्या कुत्र्याचे ठिपके प्रत्येकाचे निराळे, त्यामुळे फोटोवरून 'हा तोच' असं सांगता येतं. वाघाच्या पट्ट्यांचंही तसंच. आपला कोळसून सगळा एकाच रंगाचा! सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात कॅमेरा ट्रॅपमध्ये पाच कुत्रे आज आणि पाच उद्या दिसले, तर ते दहा की पाच? फोटो 'आहेत' एवढंच सांगतो. 'किती' हे ठरवायला आता विष्ठेतला डीएनए तपासतात. केरळात वायनाडमध्ये तसं झालंय.

आययूसीएनच्या 2015 च्या अंदाजात जगभरात मिळून प्रौढ कोळसुनं 949 ते 2215 होती. आकड्यातली ही दरी बघा. बक्षिसाच्या हिशेबात मेलेला प्रत्येक कुत्रा मोजला जायचा, कारण त्यामागे पैसे होते. जिवंत किती, हे विचारायला आपण फार उशिरा सुरुवात केली. माझ्या प्रबंधाचं पुढचं प्रकरण याच हिशेबांवर आहे.