मियाटा आणि मस्टँग एकाच रांगेत: ऑटोक्रॉसमध्ये कोणती कार कोणत्या क्लासमध्ये, हे कसं ठरतं?

रिकामं पार्किंग, डांबरावर मांडलेले नारिंगी प्लास्टिकचे कोन आणि एका वेळी धावणारी एकच कार. ऑटोक्रॉस म्हणजे थोडक्यात एवढंच. कोनांमधून वाट काढत साधारण मिनिटभरात शेवटपर्यंत पोहोचायचं. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजली जाते. कोन पाडला की प्रत्येक कोनामागे २ सेकंदांचा दंड, आणि वाट चुकली तर ती फेरी बाद. वेग हायवेवरच्या वेगापेक्षा फारसा जास्त नसतो. म्हणूनच अमेरिकेत लोक सोमवारी ऑफिसला नेतात तीच कार रविवारी इथे घेऊन येतात.

आणि अडचण इथेच सुरू होते. रांगेत पुढे १९९० ची माझदा मियाटा उभी आहे. ११६ हॉर्सपॉवर, वजन जेमतेम एक टन. तिच्या मागे २०१५ ची फोर्ड मस्टँग जीटी. ४३५ हॉर्सपॉवर, वजन सुमारे १,७०० किलो. त्यामागे एखादी मिनी कूपर. तिघींची वेळ एकाच यादीत लावली तर जिंकलं कोण, ड्रायव्हर की गाडीची किंमत? हे ठरवण्यासाठी 'क्लास' असतात. क्लास चुकीचा पाडला गेला, तर चांगला ड्रायव्हरही स्पर्धा सुरू होण्याआधीच हरलेला असतो.

हे क्लास कोण पाडतं?

अमेरिकेतली सर्वांत मोठी व्यवस्था आहे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजेच एससीसीएची. हा क्लब १९४४ साली सुरू झाला. ऑटोक्रॉसला तिथे 'सोलो' म्हणतात आणि या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा १९७३ पासून होते. अलीकडच्या काळात ती नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरातल्या एका जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर भरते. तिथे हजाराहून जास्त ड्रायव्हर येतात.

नियमांचं काम 'सोलो इव्हेंट्स बोर्ड' पाहतं आणि त्याला सल्ला द्यायला वेगवेगळ्या समित्या असतात. पण सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या सभासदाच्या पत्राने होते. 'माझी कार या क्लासमध्ये टिकूच शकत नाही, तिला खाली आणा,' असं कुणीतरी लिहितो. 'ती दुसरी कार आमच्या क्लासमध्ये आली तर आमच्या गाड्या भंगारात काढाव्या लागतील,' असं दुसरा कळवतो. प्रस्ताव जाहीर होतो, त्यावर मतं मागवली जातात आणि मग निर्णय होतो. थोडक्यात, सोसायटीच्या पार्किंगचा वाद असतो तसाच हा प्रकार, फक्त इथे सगळं लेखी असतं.

पहिला प्रश्न: कारला हात किती लावलाय?

क्लास ठरवताना कारचं नाव नंतर येतं. आधी पाहतात ते तिच्यात काय काय बदललंय. सर्वांत साधा विभाग 'स्ट्रीट'. कार जवळजवळ शोरूममधून निघाली तशीच हवी. शॉक अॅब्सॉर्बर बदलता येतात, ब्रेक पॅड बदलता येतात, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार बदलता येतो. स्प्रिंग मात्र कंपनीचीच. रिमची रुंदीही मूळचीच ठेवावी लागते. स्प्रिंगला हात लावला की कार 'स्ट्रीट टुरिंग'मध्ये जाते. त्यापुढच्या विभागांमध्ये सूट वाढत जाते, अगदी इंजिन बदलण्यापर्यंत. शेवटच्या टोकाला रस्त्यावर कधीच न दिसणाऱ्या, फॉर्म्युला कारसारख्या गाड्या येतात.

टायरवर तर अख्ख्या विभागाचं भवितव्य ठरलेलं आहे. पूर्वी साध्या गाड्यांच्या 'स्टॉक' विभागातही रेसिंगचे मऊ टायर चालायचे. ते भराभर झिजतात आणि महाग असतात. त्यामुळे कार साधी, पण टायरचं बिल रेसरचं, असा विचित्र प्रकार झाला होता. २०१४ मध्ये 'स्टॉक'चं 'स्ट्रीट' झालं आणि असे टायर बंद झाले. आता टायरचा ट्रेडवेअर आकडा, म्हणजे झीज सोसण्याच्या क्षमतेचा आकडा, किमान २०० असावा लागतो.

आणखी दोन अटी आहेत. स्ट्रीटमध्ये यायचं तर ते मॉडेल वर्षभरात किमान १,००० च्या संख्येने बनलेलं हवं. नाहीतर एखादी कंपनी मोजक्या 'खास' गाड्या काढून क्लासच विकत घेईल. दुसरी अट सुरक्षेची. ज्या गाडीची उंची तिच्या डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरापेक्षा जास्त आहे, तिला साधारणपणे प्रवेश नसतो. उंच एसयूव्ही झटक्यात वळवली तर उलटू शकते.

हॉर्सपॉवर पाहून क्लास का ठरत नाही?

कारण ऑटोक्रॉसमध्ये सरळ रस्ता फार थोडा असतो. सतत डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. इथे वजन, टायरची रुंदी आणि सस्पेन्शन यांना जास्त किंमत. गाडीची स्वतःची रुंदीसुद्धा महत्त्वाची. कोनांच्या ओळीतून नागमोडी जाताना अरुंद कारला कमी अंतर कापावं लागतं. गिअरचाही हिशेब असतो. बहुतेक फेऱ्या दुसऱ्या गिअरमध्येच पूर्ण होतात. एखाद्या कारचा दुसरा गिअर ९० किलोमीटरच्या आसपास संपत असेल, तर लांब टप्प्यावर तिला तिसरा टाकावा लागतो आणि लगेच पुन्हा खाली यावं लागतं. हजाराव्या भागात निकाल लागणाऱ्या खेळात हे महागात पडतं.

म्हणून यादी मॉडेलनुसार बनते. १९९० ची मियाटा 'ई स्ट्रीट'मध्ये, तिचीच २०१६ पासूनची चौथी पिढी 'सी स्ट्रीट'मध्ये, तर मस्टँग जीटी आणि तिच्यासारख्या वजनदार, ताकदवान गाड्या 'एफ स्ट्रीट'मध्ये. इथे नवखे हमखास गोंधळतात. अक्षरं वेगाच्या क्रमाने लागलेली असतील असं वाटतं, पण तसं नाही. 'एफ'मधल्या गाड्या 'ई'पेक्षा वेगवान मानल्या जातात. यादीत नाव नसलेल्या गाड्यांसाठी 'इतर सर्व' अशा ओळी असतात, आणि काही अतिवेगवान गाड्या स्ट्रीटमधून सरळ वगळलेल्या असतात.

एकच कार जिंकायला लागली तर?

खरी डोकेदुखी ही आहे. समजा, एका क्लासमध्ये दहा मॉडेल्स आहेत आणि त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा अर्ध्या सेकंदाने वेगवान निघालं. वर्ष-दोन वर्षांत ज्यांना परवडतं ते सगळे तीच कार घेतात. उरलेल्या नऊ गाड्यांचे मालक येणं बंद करतात. कागदावर क्लास दहा गाड्यांचा, मैदानात एकीचा.

मग ती कार वरच्या क्लासमध्ये ढकलायची? सोपं वाटतं, पण ज्याने फक्त या खेळासाठी कर्ज काढून ती घेतली, त्याचं काय? काल तो विजेता होता, आज वरच्या क्लासच्या तळाला. आणि ढकललं नाही, तर नऊ जणांचं नुकसान. दोन्हीकडून शिव्या ठरलेल्या. त्यामुळे मोठे फेरबदल शक्यतो नव्या हंगामापासून लागू होतात, म्हणजे लोकांना कार विकायला थोडा तरी वेळ मिळतो.

यात आणखी एक खाच आहे. नाव एकच असलं तरी पॅकेज वेगळं असतं. लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजे वळणावर दोन्ही चाकांना पकड मिळवून देणारी यंत्रणा, एका पॅकेजमध्ये असते, दुसऱ्यात नसते. स्ट्रीटमध्ये दुसऱ्या पॅकेजचा हवा तेवढाच भाग आणून बसवता येत नाही. घ्यायचं तर अख्खं पॅकेज. कुणी चलाखी केलीच, तर प्रतिस्पर्धी शुल्क भरून लेखी हरकत घेऊ शकतो आणि मग कार उघडून तपासली जाते.

या सगळ्याला कंटाळून एससीसीएने एक क्लास असाही काढला ज्यात सुबारू बीआरझेड आणि तिची टोयोटा-सायन जुळी भावंडं एवढ्याच गाड्या येतात. शॉक, स्प्रिंग, टायर सगळ्यांना सारखेच. वाद कमी व्हावेत यासाठीचा हा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणायला हवा, पण तुमच्याकडे दुसरी कार असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

क्लासमध्ये एकटेच असाल तर?

छोट्या शहरातल्या स्पर्धेला तीस-चाळीस गाड्या येतात आणि क्लास मात्र डझनावारी. अनेक जण आपल्या क्लासमध्ये एकटेच, म्हणजे पहिलेही तेच आणि शेवटचेही तेच. अशा वेळी 'पॅक्स' नावाचा गुणक वापरतात. सर्वांत वेगवान 'ए मॉडिफाइड' क्लासला १ हा आकडा आणि बाकीच्यांना त्याहून कमी. समजा, तुमच्या क्लासचा गुणक ०.८० आहे आणि वेळ ६० सेकंद. तर तुमची वेळ ४८ सेकंद धरली जाते. हे गुणक आधीच्या निकालांवरून काढतात, त्यामुळे मैदान अरुंद की मोकळं यानुसार कुणाला ना कुणाला ते झुकतं माप देतातच.

भारतात काय पद्धत आहे?

भारतात ऑटोक्रॉस बऱ्याचदा मातीवर होतं आणि क्लास मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर पाडतात. हिशेब सोपा, पण टर्बो इंजिनांनी तो बिघडवला. १.२ लिटरची जुनी स्विफ्ट पेट्रोल आणि फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्या. दोन्हींचं इंजिन १,१९७ सीसी. स्विफ्टची ताकद ८५ हॉर्सपॉवरच्या आसपास, टर्बो असलेल्या पोलोची १०५. सीसी पाहिलं तर दोघी एकाच क्लासमध्ये. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए यासाठी टर्बो पेट्रोल इंजिनाच्या सीसीला १.७ ने गुणते. त्या हिशेबाने पोलो २,०३५ सीसीची ठरते आणि थेट मोठ्या गाड्यांच्या पंक्तीत बसते.

इलेक्ट्रिक कारला तर सीसीच नाही, गिअरही बदलावा लागत नाही. त्यात भर सॉफ्टवेअरची. टेस्लाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये मॉडेल ३ च्या ड्युअल मोटर गाड्यांसाठी २,००० डॉलरला एक अपडेट विकायला काढला. त्याने शून्य ते ताशी ६० मैल गाठण्याची वेळ ४.४ वरून ३.९ सेकंदांवर आली. एकही नट न फिरवता, अंगणात उभी असलेली कार रातोरात वेगवान झाली. आणि बॉनेट उघडून तपासणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नाही.