पारितोषिक-भाकीत त्रुटी
अपेक्षित आणि प्रत्यक्ष मिळालेल्या पारितोषिकातील फरक. मध्यमेंदूतील डोपामीन स्रवणाऱ्या तंत्रिका कोशिका हा फरक दर्शवतात. तंत्रिकाशास्त्रज्ञ व्होल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरील प्रयोगांत फळांचा रस अनपेक्षितपणे मिळताच या कोशिकांची सक्रियता वाढली. दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकल्यानंतर कोशिका रसाऐवजी दिव्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या. अपेक्षित रस न मिळाल्यास सक्रियता घटली. डोपामिनाच्या अशा चढउतारांमुळे मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील तंत्रिकाजोडण्यांची ताकद बदलते व फलदायी कृती दृढ होतात. संगणकीय प्रबलन-अध्ययनाशी असलेले या डोपामीन-संकेताचे साम्य शुल्ट्झ, पीटर डायन व रीड माँटेग्यू यांनी १९९७ मध्ये मांडले. या क्षेत्रातील कार्यासाठी शुल्ट्झ, डायन व रे डोलन यांना २०१७ चे ब्रेन प्राइझ मिळाले.